गालभर पाणी

काजं करणाऱ्या बाईकडे कुणी ढुंकून बघत नाही. शर्ट शिवला शिंप्यानं, घातला साहेबानं, बटण तुटलं की शिव्या धोब्याला. मधली सहा-सात भोकं जिनं डोळे फोडून टाक्यांनी मढवली, ती बाई कोण हे विचारायला कुणाचं अडलंय? आपल्या या बाईनं चाळीस वर्षं तेच केलं. खिडकीशी एक बुटका स्टूल, मांडीवर कापड, दातात दोऱ्याचं टोक. एका काजाला बावीस टाके. तेवीस नाहीत, एकवीस नाहीत. गल्लीत सगळे तिला काजवाली म्हणायचे. शिंप्याच्या दुकानातला मास्तर एकदा म्हणाला, "काजवाली, तुमचं कापड फाटेल, पण काज फाटणार नाही." बाई हसलीसुद्धा नाही. दिवसभर बोलून बोलून बोलायची तर "दोरा संपला", "पोरीनं जेवून घेतलं का", बस्स.

तिचा नवरा नेमका उलटा. चष्म्याची भिंगं घासायचा धंदा, आणि तोंडाची टकळी भिंगाच्या चाकापेक्षा जोरात. चष्मेवाल्याच्या दुकानात माणूस नंबर काढायला जायचा आणि अर्ध्या गावाच्या बातम्या घेऊन परत यायचा. आता तो त्र्याहत्तर वर्षांचा झाला होता. दुकान विकलं होतं, साखर वाढली होती, मूत्रपिंडं कामातून गेली होती आणि हृदय म्हणजे जुनं घड्याळ, कधी चालेल कधी थांबेल सांगता येत नव्हतं. पण हट्ट? तो मात्र नवाकोरा होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते या माणसाकडे बघूनच म्हटलं असेल.

उपासाच्या आदल्या दिवशी, सकाळी, गल्लीतल्या ज्यू मंडळींचे धर्मगुरू, रब्बी, घरी आले. योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस, दुसऱ्या दिवसावर आला होता. संध्याकाळी सूर्य बुडायच्या आधी तोंड बंद करायचं ते दुसऱ्या दिवशी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत. अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. वर्षभराच्या पापांचा हिशेब त्या दिवशी वर मिटतो आणि पुढच्या वर्षी कोण जगणार, कोण जाणार, त्यावर शिक्का बसतो. चष्मेवाल्यानं वयाच्या तेराव्या वर्षापासून एकही उपास मोडला नव्हता. तापात नाही, दाढ काढली तेव्हा नाही.

"यंदा तुम्ही प्यायचं आहे," रब्बी म्हणाले. ते याच गल्लीत वाढलेले, वय पस्तिशीच्या आतलं, चष्मेवाल्याकडूनच पहिला चष्मा घेतलेले. "डॉक्टरीणबाईंशी मी बोललोय. दिवसभर पाणी गेलं नाही तर मूत्रपिंडं बंद पडतील. आणि नंतर सलाइन लावून भागायचं नाही, तुमच्या हृदयाला तो जोर सोसणार नाही. घोटाघोटानंच जायला हवं."

"मग उपास कसला उरला?"

"आहे ना त्याचीही रीत. एका गालात मावेल त्याहून कमी पाणी एका वेळी घ्यायचं. मग नऊ मिनिटं थांबायचं. मग पुन्हा तेवढंच. असं घेतलं तर आपल्या हिशेबी ते पिण्यात पूर्ण धरत नाहीत. आणि प्रत्येकाचा गाल वेगळा, म्हणून माप आज घेऊन ठेवू."

मग ते माप घेणं झालं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चष्मेवाला बसला, तोंडात पाणी घेतलं, एक गाल फुगवला आणि काचेच्या पेल्यात सोडलं. अर्धं पेल्यात, अर्धं रब्बींच्या बाहीवर.

"त्र्याहत्तर वर्षांत काय काय केलं," तो हनुवटी पुसत म्हणाला, "पण रब्बीच्या अंगावर चूळ टाकायची राहिली होती."

दुसऱ्यांदा माप नीट आलं. रब्बींनी त्याच्या जरा खाली चिकटपट्टीची चिंधी लावली आणि पेला काजवालीच्या हातात दिला. "या रेघेपर्यंत. घड्याळ समोर ठेवा. आणि काका, नीट ऐका. आजारी माणसानं त्या दिवशी न पिणं हेच पाप आहे. जीव वाचवणं हाच त्या दिवसाचा धर्म."

"कळलं, कळलं," चष्मेवाला म्हणाला. तो किती चटकन "कळलं" म्हणाला हे काजवालीला तिथेच खटकलं. हा माणूस दोन रुपयांच्या भाजीवर अर्धा तास वाद घालायचा.

व्हायचं तेच झालं. संध्याकाळी तो शेवटचं जेवला, पाणी प्याला, पांढरे कपडे घालून पलंगावर पडला. प्रार्थनाघरापर्यंत चालायची ताकद नव्हती. रात्र झोपेत गेली. सकाळी सातला तिनं रेघेपर्यंत पाणी भरून पेला पुढे केला, तर त्यानं ओठ मिटले. आठला मिटले. नऊला म्हणाला, "उगाच हात दुखवून घेऊ नकोस."

धाकटी मुलगी वरच्याच मजल्यावर राहायची. चाळिशीची, दोन पोरांची आई, बापाच्याच वळणावर गेलेली. ती चामड्याच्या चपला टाकून, रिवाजाप्रमाणे कापडी बूट घालून प्रार्थनेला निघाली होती, ती आधी इथे आली. "बाबा, पिताय की नाही?" म्हणाली. मग रागावली, मग रडली, मग पाय धरले. बाप छताकडे बघत राहिला.

"तुझी ताई अकरा वर्षांची होती," तो शेवटी म्हणाला. "अंगात ताप, पोट बिघडलेलं, जीभ कोरडी लाकूड. पोरीनं दिवसभरात एकदाही पाणी मागितलं नाही. एकदाही. आणि मी सत्तरी उलटलेला म्हातारा, मी नऊ-नऊ मिनिटांनी तोंड पुढे करू? वर गेल्यावर तिला कुठलं तोंड दाखवू?"

धाकटीनं पाय सोडले. ही गोष्ट त्या गल्लीत सगळ्यांना पाठ होती. अडतीस वर्षांपूर्वी चष्मेवाल्याच्या थोरलीनं हट्टानं पहिला पूर्ण उपास धरला. त्या वयाच्या पोरांना सक्ती नसते, दुपारपर्यंत धरला तरी कौतुक होतं. पण ही म्हणाली, पूर्णच धरणार. त्याच दिवशी आजारी पडली आणि दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. पण पाणी मागितलं नाही. चष्मेवाला दुःखात बुडाला तेव्हा या एका वाक्याला धरून वर आला. दुकानात येणाऱ्याला सांगायचा. प्रार्थनाघरात सांगायचा. आधीच्या रब्बींनी ती गोष्ट उचलली आणि उपासाच्या आधी पोराटोरांना सांगायला सुरुवात केली. आताच्या रब्बींनी स्वतः लहानपणी ती मांडी घालून ऐकली होती, आणि आता तेही सांगत. दरवर्षी एखादं पोर छाती काढून म्हणायचं, मी पण तिच्यासारखा पूर्ण धरणार.

दरवर्षी काजवाली बायकांच्या बाजूला बसून हे ऐकायची. ब्र काढायची नाही.

कारण ती गोष्ट खोटी होती. थोरलीनं पाणी मागितलं होतं.

आता म्हणाल, मग ही बाई काय दगडाची होती का? नव्हती. तिशीतली, सासरी दबलेली, माहेरावरून मिळणाऱ्या टोमण्यांनी पोळलेली सून होती. माहेरी रीतभात जरा सैल. सासूबाई येताजाता म्हणायच्या, "तुमच्याकडे काय, उपास दुपारच्या जेवणापर्यंत." त्या दिवशी दुपारी साडेतीनला, प्रार्थनेतल्या मधल्या सुट्टीत नवरा घरी डोकावला. पोर जुलाबांनी गळालेली, डोळे आत गेलेले. त्यानं कपाळावर हात ठेवला आणि बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, "आता थोडंच राहिलंय. पण तिनं मागितलं तर दे बरं. अडवू नकोस." आणि गेला. सासूबाई दारातल्या खुर्चीवर बसून ऐकत होत्या.

चारनंतर पोरीनं मागितलं. आईनं दिलं नाही.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर नवऱ्यानं विचारलं, "पाणी मागितलं होतं का गं तिनं?" शेजारी सासूबाई उभ्या होत्या. दुपारी आपला डोळा लागल्यावर काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं, तरी त्या टक लावून सुनेकडे बघत होत्या. ती म्हणाली, "नाही." एक शब्द. उद्या सांगू, असं मनात म्हणाली. उद्या त्यानं तो शब्द चार माणसांना सांगितला. परवा तो चाळीस जणांपर्यंत गेला. आठ दिवसांनी तो शब्द काढून घेणं म्हणजे बुडत्या माणसाच्या हातातली काठी ओढून घेणं होतं, आणि खरं बोलायचं तर तिला भीतीही वाटली. भीती जास्त वाटली. दर योम किप्पूरला सगळ्यांसोबत उभं राहून ती छातीवर मूठ मारायची, आम्ही खोटं बोललो, म्हणायची. पण तिला नियम ठाऊक होता, सगळ्यांनाच असतो. देवाशी केलेलं पाप त्या दिवशी धुतलं जातं. माणसाशी केलेलं जात नाही. त्यासाठी त्या माणसापुढे जाऊन उभं राहावं लागतं. तो माणूस रोज रात्री तिच्या शेजारी हातभर अंतरावर झोपत होता.

आणि आता तोच शब्द त्याचा जीव घ्यायला निघाला होता.

बारा वाजले. त्याच्या ओठांना भेगा पडल्या. एकला त्याला लघवीला नेलं तर काही झालंच नाही. दोनला तो बोलायला लागला, पण शब्द जड झाले होते, भिंगाचा कुठला तरी नंबर पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याची टकळी बंद पडली तर बरं असं तिला उभ्या जन्मात हजारदा वाटलं असेल. आता ती बंद पडत चालली तसं तिच्या जिवाचं पाणी पाणी झालं. धाकटी मधेच येऊन म्हणाली, "आई, गाडी बोलावू या. उपास गेला खड्ड्यात."

"नेऊन काय करतील? तिथेही हे तोंड मिटूनच पडतील. सलाइन चालत नाही. घशातून उतरवायचं तर यांनीच उतरवायला हवं." मग ती म्हणाली, "तू जा प्रार्थनेला. मला यांच्याशी बोलायचंय."

"तू बोलणार?" धाकटी म्हणाली. त्यात चेष्टा नव्हती, तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगावं तर त्याची अडतीस वर्षं उभी कापायची. न सांगावं तर संध्याकाळपर्यंत तो संपणार. धाकटीच्या पावलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला तरी काजवाली उभीच होती. मग तिनं स्टूल ओढला, पलंगाशी बसली आणि त्याचा हात धरला. हात गरम आणि पातळ होता.

"अहो, ऐकताय का?"

त्यानं मान हलवली.

"तिनं मागितलं होतं."

"काय?"

"पाणी. थोरलीनं. मी दिलं नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. डोळे निवळले होते. ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती.

"किती वाजता?" त्यानं विचारलं.

"तुम्ही गेलात त्यानंतर अर्ध्या तासानं. चार वाजून गेले होते."

"काय म्हणाली?"

तिनं ओठांवरून जीभ फिरवली. काल संध्याकाळपासून तिच्याही पोटात पाण्याचा थेंब नव्हता. "आई, थोडंसं दे, म्हणाली. मी म्हटलं, थोडंच राहिलंय बाळा, बाबा केवढे खूश होतील."

"माझं नाव घेतलंस."

"घेतलं. मग सासूबाईंना डुलकी लागली तशी ती हळूच म्हणाली, बाबांना सांगू नकोस, पण दे. मी म्हटलं, एवढं धरलंस, आता वाया घालवू नकोस. तिसऱ्यांदा बोलली नाही. सुरईकडे हात केला फक्त. मी सुरई उचलून मोरीवर ठेवली. तिला दिसू नये म्हणून. तुम्ही म्हणाला होतात, मागितलं तर दे. सासूबाईंसमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून मी दिलं नाही. आणि तुम्हाला खोटं सांगितलं."

बास. इतकंच. एवढं तर ती आख्ख्या वर्षात बोलत नसे. तिला वाटलं होतं की सांगितल्यावर रडू येईल, ते आलं नाही.

चष्मेवाल्यानं तिच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. सव्वातीन झाले. साडेतीन झाले. त्याच्या पाठीचा सदरा वरखाली होत होता, तेवढीच त्याची खूण. आता हा पिणार नाही, तिच्या मनात आलं. आधी पोरीसाठी पीत नव्हता, आता माझ्या हातचं म्हणून पिणार नाही. पोरीलाही मीच मारलं, यालाही मीच मारणार. तिनं हाक मारली नाही. हाक मारायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं. धाकटीला थांबवून घ्यायला हवं होतं, निदान तिच्या हातून तरी प्याला असता.

पावणेचारला तो भिंतीकडे बघतच बोलला. "मी लोकांना तोंड वर करून सांगत आलो. पोरांना. दुसऱ्यांच्या पोरांना. माझ्या पोरीसारखं व्हा म्हणून."

तिनं पेला हाताशी ओढला.

"तहानेनं मेली ती," तो म्हणाला.

"हो."

मग त्यानं कूस बदलायला घेतली. ते त्याला जमेना, तरी त्यानं तिला हात लावू दिला नाही, पलंगाची कड धरून स्वतःच वळला. तिच्याकडे न बघता हात पुढे केला.

"दे."

तिनं रेघेपर्यंत पाणी भरून पेला त्याच्या हातात दिला. पेल्याखाली आपला तळवा धरला. त्यानं ते पाणी तोंडात घेतलं आणि लगेच गिळलं नाही. डोळे मिटून तसंच धरून ठेवलं. गिळलं तेव्हा त्याच्या गळ्यातून असा आवाज निघाला की काजवालीनं मान फिरवली. ते पाणी गोड लागलं असणार, आणि ते गोड लागणंच त्याला सोसत नव्हतं.

नऊ मिनिटांनी तो म्हणाला, "दे."

मग पुन्हा नऊ मिनिटांनी. ती घड्याळाकडे बघायची, तो छताकडे. पाचच्या सुमाराला त्याला लघवी झाली, अगदी थोडी, पण झाली. सहापर्यंत जीभ सुटली. उजेड उतरत गेला, खिडकीतून प्रार्थनाघरातला शेवटच्या प्रार्थनेचा आवाज अस्पष्ट येत होता, त्या वेळी म्हणे वरची दारं बंद होत असतात आणि ज्याला जे मागायचं ते घाईनं मागून घ्यायचं असतं. काजवालीनं काही मागितलं नाही. ती पाणी मोजत होती.

तारे दिसल्यावर सगळ्यात आधी रब्बीच आले. अजून पांढऱ्या अंगरख्यात, ओठ सुकलेले, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले. घरी जाऊन घोटभर पाणीही न पिता ते थेट जिना चढून आले होते. मागून धाकटी धापा टाकत आली. पलंगावर बाप बसता झालेला बघून तिनं दाराची चौकट धरली.

"प्यालात?" रब्बींनी विचारलं.

"प्यालो."

"फार बरं केलंत, काका. मला वाटलं होतं, तुमच्या थोरलीचं मनात घेऊन तुम्ही..."

"तेच सांगायचंय," चष्मेवाला म्हणाला. आवाज घोगरा होता, पण शब्द सरळ होते. "ती गोष्ट पोरांना पुन्हा सांगू नका. सांगायचीच असेल तर खरी सांगा. पोरीनं पाणी मागितलं होतं. तीनदा. आम्ही दिलं नाही."

रब्बींनी आधी चष्मेवाल्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे. धाकटीचा हात तोंडावर गेला होता.

काजवाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला आत जाता आलं असतं. नवऱ्यानं आपल्या नावाखाली तिला झाकून घेतलं होतं, आणि तिनं गप्प राहायचं म्हटलं तर त्यात तिचा हातखंडा होता.

"यांनी द्यायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "हे घरी नव्हते. दिलं नाही ते मी."

धाकटी आईकडे बघत होती, अनोळखी बाईकडे बघावं तशी.

"तुला कुणी विचारलं?" चष्मेवाला म्हणाला. दुपारनंतर पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे थेट पाहिलं. त्या नजरेत माफी होती का? नव्हती. ती इतक्यात येणार नव्हती, आणि त्याच्याकडे फार दिवसही उरले नव्हते. "रब्बी कालपासून उपाशी आहेत. त्यांना आधी पाणी दे."